दहा हजार सातवी मुंगी

एका जंगलात, पोरांनो, सिंहाला रांगांचं वेड लागलं होतं. खाऊन पडायचं, दुसरं काम नाही. मग वेड लागतंच.

त्याने फर्मान काढलं. दसऱ्याला प्रत्येक जमातीने माझ्यासमोर रांगा धरून उभं राहायचं. रांग दोनदोनची करा नाहीतर दहादहाची, पण सगळ्या सारख्या. एकेकट्याची रांग चालणार नाही, सगळ्यांची मिळून एकच रांगही नाही. ज्यांच्यातला एकही जीव उरेल, त्या जमातीने जंगल सोडायचं.

मुंग्या होत्या दहा हजार सात. त्यांतली कोंडाबाई एका पायाने अधू, म्हणून कायम शेवटी.

"दोनदोन व्हा गं!" मुकादमीण तानाक्का ओरडली.

कोंडाबाई उरली.

"तीनतीन!"

दोघी उरल्या. कोंडाबाई आणि खुद्द तानाक्का, कारण मुकादमीण मागूनच हाकायची.

"चारचार!" तिघी उरल्या.

"मेले, दर वेळी तूच कशी गं उरतेस?"

"मी शेवटी असते म्हणून," कोंडाबाई म्हणाली. "मला पुढं घ्या. मग दुसरी कोणी उरेल."

तानाक्काने मागे वळून पाहिलं. तिच्यामागे फक्त कोंडाबाई होती. तिने विषय बदलला आणि घुबडशास्त्र्यांना बोलावलं.

शास्त्री डोळे मिटून म्हणाले, "ही मूळ संख्या आहे. तिला एकाने भाग जातो, नाहीतर तिचा तिलाच. सात घ्या, सतरा घ्या, काहीतरी उरणारच. ही संख्या फुटत नाही."

"आम्ही फुटत नाही!" मुंग्यांनी जयजयकार केला. दोघीचौघी तर रडल्या.

"म्हणूनच तुम्हाला जंगल सोडावं लागेल," शास्त्री म्हणाले.

जयजयकार थांबला.

"उपाय?" तानाक्काने विचारलं.

"एक कमी करा."

सगळ्या कोंडाबाईकडे बघायला लागल्या. तिचा जन्म सगळा या वारुळात गेलेला.

"शास्त्रीबुवा, एक वाढवली तर? ओढ्यापलीकडे माझी मावसबहीण असते. ती येईल."

शास्त्र्यांनी हिशेब केला आणि पहिल्यांदाच डोळे उघडले. "दहा हजार आठ! दोनाने जातो, तिनाने जातो, चार, सहा, आठ, नऊ, बारा... फार गुणी संख्या आहे हो!"

"असेल," तानाक्का म्हणाली. "पण बाई परकी आहे. शिवाय तिला खायला लागेल."

ते सगळ्यांना पटलं. कोंडाबाई लंगडत ओढ्यापलीकडे गेली. वारुळाने तिला हार घालून निरोप दिला. हार तिच्याहून जड होता.

दसऱ्याला मुंग्या दोनदोनने उभ्या राहिल्या. एकही उरली नाही. पण रांगा पाच हजार तीन झाल्या, शेवटची पार डोंगराआड. सिंहाने जांभई दिली.

"फारच लांबण लागली. पुढच्या वर्षी पाचपाच करा."

"पाचाने भाग जाणार नाही, महाराज," शास्त्री म्हणाले. "एक उरेल."

"मग एक कमी करा. त्यांना सवय आहे."

"कोणती करू?"

"शेवटची."

वारुळाने पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. संध्याकाळीच तानाक्का गळ्यात हार घालून ओढ्यापलीकडे आली. कोंडाबाई आणि मावसबहीण दाणे निवडत बसल्या होत्या.

"कोंडाबाई, जागा आहे का गं?"

कोंडाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग मावसबहिणीकडे पाहिलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "भाग जातो का बघते."

तात्पर्य: एकी जरूर ठेवावी, पण तिला कशानेही भाग जाईल इतपतच. आणि जयजयकार करताना आपण रांगेत मधे आहोत ना, एवढं बघून घ्यावं.