तात्या, गुरुवारपर्यंत दम धरा!

"मिशी म्हंजे ही! बाकीच्यांच्या तोंडावर असत्यात ती नुसती केसं!"

कळसच्या एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर उभं राहून सर्जेरावानं हे जाहीर केलं, तेव्हा आडवं बोलायची कुणाची छाती झाली नाही. बोलणार तरी काय? त्या सोमवारी सिनेमावाल्यांनी अख्ख्या गर्दीतून एकट्या सर्जेरावाकडं बोट केलं होतं, आणि तेही मिशी बघून!

गावात तेव्हा केबल नुकतीच आली होती. त्यातला सिनेमा आता सगळ्यांनी बघितला होता, पण सिनेमा करणारा माणूस कुणी बघितला नव्हता. आणि अशात कळंबजवळ नीरेच्या काठाला कंपनीनं तळच ठोकला. सिनेमा जुन्या काळातला. आपल्या आज्यांनी चुलीपुढं बसून चोरून वाचलेल्या एका गाजलेल्या कादंबरीवरचा. सरदाराची लेक साध्या शिलेदाराच्या प्रेमात पडते, मेण्यात बसून पळून जाते आणि नदीच्या उतारावर बापाचा जमादार तिला काठी आडवी घालतो. तो जमादार म्हणजे आपला सर्जेराव! वाक्य एकच, पण काय वाक्य! "बाईसाहेब, माघारी फिरा!" असं म्हणताना जमादाराच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, कारण त्यानंच तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं.

सोमवारी लांबून काठी आडवी घालून झाली. जवळून तोंड घ्यायचं राहिलं, कारण नायिकाबाई मुंबईला गेल्या. त्या येणार गुरुवारी.

दिग्दर्शक साहेबांनी सर्जेरावाला बाजूला घेतलं. "हे बघा सर्जेराव, गुरुवारपर्यंत या मिशीचा एक केससुद्धा इकडचा तिकडं होता कामा नये. लांबून मिशी आणि जवळून सफाचट, असं झालं तर लोक थेटरात हसतील. माझा सगळा प्रसंग फुकट जाईल!"

"सायेब," सर्जेराव छाती फुगवून म्हणाला, "मान उतरंल, पर मिशी उतरायची न्हाय!"

त्याच तोऱ्यात तो घरी आला. उंबऱ्यातच बायको उभी. म्हाळसाबाई.

"अवं, आयकलं का? गेणबातात्यांनी सकाळपासनं अन्न सोडलंय."

सर्जेरावाचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला.

गेणबातात्या म्हणजे त्याचा थोरला चुलता. बाप लवकर गेला, तेव्हापासून ह्याच तात्यानं त्याला वाढवलं. बारामतीच्या तंबूतला सिनेमा खांद्यावर बसवून दाखवला. मिसरूड फुटलं तेव्हा "रोज तेलाचं बोट लावत जा" असं सांगणारा तात्याच. त्यामुळं सर्जेरावाला वाईट वाटलं, ह्यात खोटं काही नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि त्याला दरदरून घाम फुटला.

तात्याला मुलगा नव्हता. एकच लेक, सारजा, ती वडगाव निंबाळकरला दिलेली. म्हणजे तात्याचं काही बरंवाईट झालं तर अग्नी द्यायचा पुतण्यानं. आणि अग्नी देणाऱ्याचं डोकं आणि मिशी त्याच दिवशी, सरणापुढं, न्हाव्यापुढं बसून उतरते! त्यात सवलत नाही. मिशी राखली तर भावकी तोंडात शेण घालणार आणि मिशी काढली तर सिनेमा बुडणार.

"देवा," सर्जेराव तुळशीपुढं हात जोडून पुटपुटला, "एवढं गुरुवारपर्यंत बग."

मग जी सेवा सुरू झाली, ती बघून गाव थक्क झालं! इंदापूरहून डॉक्टर आणला. गावठी कोंबडीचं सूप केलं. सर्जेराव तात्याच्या बाजेला चिकटून बसला, चमच्याचमच्यानं ग्लुकोजचं पाणी पाजू लागला. तात्यानं डोळे मिटले की ह्याचा जीव वर यायचा.

"तात्या! ओ तात्या! झोपलाव का?"

"मग काय नाचू?" तात्या खेकसायचा.

"न्हाय, झोपा. पर मदनंमदनं बोलत जावा."

म्हाळसाबाई दारातून बघत होती. "मला ताप आला तवा पान्याचा तांब्या तरी दिलावता का कधी?"

भावकीला वेगळाच वास आला. कुणीतरी म्हणालंच, "तात्याच्या कॅनॉलकडच्या रानावर डोळा हाय गड्याचा!" ते तात्याच्याही कानावर गेलं. त्यानं सर्जेरावाला जवळ बोलावलं.

"सर्जा, खरं सांग. रान पायजे का?"

"तात्या, रान नगं. काय बी नगं. तुमी फकस्त गुरुवारपर्यंत दम धरा!"

"का रं? गुरुवारी काय हाय?"

सर्जेरावानं ग्लुकोजचा चमचा पुढं केला. "गुरुवार... चांगला वार हाय, तात्या."

तात्यानं तोंड भिंतीकडं केलं. सर्जेरावाला स्वतःची लाज वाटली. चुलता अंथरुणाला खिळलेला आणि आपण त्याचे श्वास मिशीसाठी राखतोय! पण लाज वाटून मिशीची काळजी काही कमी झाली नाही.

बुधवार कसाबसा सरला. गुरुवारी दिवस उगवायला सर्जेराव अंघोळ करून, मिशीला तेल लावून, पिशवीत भाकरी घेऊन बाहेर पडला. चार पावलं टाकली असतील नसतील, तोच तात्याच्या घराकडून बाईचा हंबरडा ऐकू आला.

"अगं माज्या दादा गंऽऽ! मला सोडून कुठं चाललाव गंऽऽ!"

सारजाचा आवाज! बापाला ती दादा म्हणायची. सर्जेरावाच्या डोळ्यांपुढं तात्याचा खांदा आला, बारामतीचा तंबू आला आणि त्यामागोमाग, सांगायलाही लाज वाटते, न्हाव्याचा वस्तरा आला.

पण माणूस अडचणीत सापडला की त्याला सगळं शास्त्र आठवतं. सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर! लांबच्या माणसाला उशिरा कळलं तर त्याचं सुतक कळल्यापासनं. आता हे रडणं म्हणजे काही बातमी नव्हे. जोवर कुणी तोंडानं "तात्या गेला" म्हणत नाही, तोवर आपण मोकळे! दुपारपर्यंत सरण रचून होत नाही. तेवढ्यात कॅमेऱ्यापुढं तोंड देऊन यायचं आणि मग मिशी काय, भुवया काढायला सांगितल्या तरी काढायच्या!

सर्जेराव माघारी घरात गेला, देवघरातला वातीचा कापूस घेतला आणि दोन्ही कानांत गच्च कोंबला. म्हाळसाबाई हातवारे करत काहीतरी बोलली. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. धोतर वर खोचलं आणि कळंबकडं जाणारी पहिली ट्रॉली गाठली.

अर्ध्या वाटेत त्यानं मागं वळून बघितलं तर शेजारचा बिरू! आपल्या एमएटी गाडीवर बसून, एका हातानं तांबडा टॉवेल हलवत, तोंडानं काहीतरी ओरडत येतोय! सर्जेराव ट्रॉलीतल्या उसाच्या वाढ्याच्या ढिगात मुंडकं खुपसून आडवा झाला. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, गड्याला भोवळ आली. तो गाडी थांबवायला लागला.

"थांबू नगंस! पळीव!" सर्जेराव एवढ्या मोठ्यानं ओरडला, की ट्रॅक्टरवाल्यानं खरंच पळवला. बिरूची गाडी धुरळ्यात मागं पडली.

नदीवर सगळं तयार होतं. मेणा, भोई, नायिकाबाई, छत्र्या, दिवे. दिग्दर्शक साहेब तोंडाजवळ येऊन बरंच काही बोलले. सर्जेरावाला त्यांचे फक्त ओठ हलताना दिसले. तो प्रत्येक वाक्याला "व्हय सायेब" म्हणत गेला. एक मात्र त्याला हातवाऱ्यांनी कळलं. साहेबांनी रुमाल खाली टाकला की बोलायचं.

काठी आडवी धरून तो उभा राहिला. कॅमेरा इतका जवळ आला, की काचेत त्याला स्वतःची मिशी दिसली. आणि नेमका तेव्हाच, कॅमेऱ्याच्या मागं, नदीच्या चढावर बिरू उगवला! घामानं निथळत, टॉवेल हलवत, तोंड आऽ करून काहीतरी सांगत. दोन माणसं त्याला धरून ठेवत होती आणि तो त्यांच्या हातांतून सुटत होता.

नक्कीच तात्या गेला. आता संशयच नको. लहानपणी तंबूत झोप लागली की तात्या आपला फेटा सोडून अंगावर घालायचा, ते आठवलं. सर्जेरावाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ओठ थरथरले, मिशीची टोकं थरथरली. समोर रुमाल पडला.

"बाईसाहेब," तो हुंदका आवरत म्हणाला, "माघारी फिरा!"

नायिकाबाईंच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. छत्र्या धरणारे रडले. साहेबांनी धावत येऊन त्याला मिठी मारली. सर्जेराव मिठीतून सुटला. पण ती बातमी कानानं ऐकायची छाती होईना, म्हणून तो बिरूच्या उलट दिशेनं, ज्वारीच्या रानातून, वाट फुटेल तिकडं पळाला. त्याच्या मागं बिरू बराच वेळ धावला. मग गड्यानं हात टेकले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि शिव्या घालत निघून गेला.

कळंबच्या बाजारात भीमा न्हाव्याच्या दुकानात सर्जेराव शिरला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. त्यानं कानातला कापूस काढला.

"डोकं आन् मिशी. समदं उतरीव. घरी पोचंस्तवर उशीर हुईल."

भीमाच्या हातातली वाटी निसटली. "कोन गेलं वं?"

"थोरला चुलता." हे म्हणताना सर्जेरावाचा बांध फुटला. "बाप हुता माजा. आन् मी त्येच्या उशाला बसाया नगं, तर हितं त्वांड दाखवाया आलो!"

वस्तरा फिरला. मिशी मांडीवर पडली. सर्जेरावानं ती खिशात घातली. का घातली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळच्या आत तो कळसला पोचला. तात्याच्या दारात माणसं होती, पण तिरडी दिसेना, गोवऱ्या दिसेनात. उरकलं की काय? माझ्याबिगर? तो धावतच अंगणात शिरला.

अंगणात बाजेवर गेणबातात्या मांडी घालून बसला होता. पुढ्यात ताट. सारजा त्याला कालवण वाढत होती आणि तात्या मटणाची नळी चोखत होता!

"तात्या!" सर्जेराव ओरडला.

तात्यानं मान वर केली. ते गुळगुळीत डोकं, तो उघडा वरचा ओठ बघितला आणि हातातली नळी फेकून मारली.

"आरं भडव्या! मी जित्ता बसलोय आन् तू माज्या नावानं मिशी काढून आलास?"

"पर सकाळी... सारजा रडत हुती..."

"मग रडनार न्हाय?" सारजा फणकारली. "बाप आजारी हाय म्हनून सांगावा आला. म्हायेरला आशा येळंला यिऊन लेकीनं गळा काढायचा न्हाय, तर काय हसत यायचं?"

बिरू कोपऱ्यात तंगड्या दाबत बसला होता. "समद्या रस्त्यानं बोंबलतोय मी! तात्या उठून बसलंय, लोकांकडनं कळलं म्हून तुजी शूटिंग बगायची म्हंत्यात, त्यास्नी संगं ने! पर ह्यो गडी हरणागत पळतोय!"

अंगणात जे हसणं उसळलं, ते पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. सर्जेराव मात्र रडत होता, हसत होता आणि तात्याचे पाय घट्ट धरून बसला होता. मग त्यानं गुरुवारचं सगळं सांगून टाकलं. तात्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "तरीच म्हनलं, कोंबडीचं सूप कशापायी!"

मिशी गेली, पण काम तर झालं होतं. चुलताही वाचला. सर्जेराव त्या आनंदात झोपला आणि शुक्रवारी सकाळी दारात कंपनीची जीप आली. दिग्दर्शक साहेब स्वतः!

"सर्जेराव, घात झाला! कालच्या रिळात उजेड शिरला. तुमचं तोंड परत घ्यावं..." साहेबांचं लक्ष त्याच्या ओठावर गेलं आणि वाक्य तिथंच संपलं.

"सायेब, मान उतरा माजी," सर्जेराव खाली बघत म्हणाला.

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि जीपमधल्या रंगभूषावाल्याला हाक मारली. त्यानं पत्र्याची पेटी उघडली. आत मिशा! काळ्या, पांढऱ्या, झुपकेदार, आकडेबाज. पापड वाळत घातल्यागत ओळीनं मांडलेल्या!

"ह्या... ह्या सोमवारपासनं हितंच हुत्या?"

"मग! तुम्हाला काय वाटलं, सिनेमात सगळ्यांच्या खऱ्या असतात?" रंगभूषावाला म्हणाला आणि डिंकानं एक चिकटवलीसुद्धा. मग दोन पावलं मागं जाऊन त्यानं बघितलं. "साहेब, ही आधीच्यापेक्षा खरी वाटते हो!"

सर्जेरावाला खिशातली मिशी टोचली.

ह्या खेपेला तात्या जीपमध्ये बसूनच नदीवर आला. कॅमेऱ्याशेजारी त्याला खुर्ची दिली. पण सर्जेरावाच्या डोळ्यांत काही पाणी येईना. समोर तात्या टुणटुणीत बसलेला, रडू यावं तरी कसं?

"काल काय डोळे भरले होते!" साहेब कपाळ बडवत होते. "आज काय झालंय?"

तात्या उठून साहेबांजवळ गेला. "सायेब, मी मरू का घटकाभर?"

आणि खरंच, धोतर सारखं करून तो वाळूत आडवा झाला. हात छातीवर, डोळे मिटलेले. सर्जेरावानं त्याच्याकडं बघितलं. ओठ थरथरले, आता पाणी येणार, तेवढ्यात मढ्यानं एक डोळा उघडून विचारलं, "आलं का?"

सर्जेराव फिस्सकन हसला आणि मिशीचं एक टोक सुटून हनुवटीवर लोंबायला लागलं. परत चिकटवली, परत तात्या मेला, परत सर्जेराव हसला. सूर्य कलला तेव्हा साहेबांनी हात जोडले.

पुढं सिनेमा बारामतीला लागला तेव्हा कळसहून ट्रॉली भरून माणसं गेली. सर्जेराव मधोमध, शेजारी तात्या. नदीचा उतार आला. मेणा आला. सगळ्यांनी श्वास रोखला. पडद्याच्या कडेनं काठी धरलेला एक हात आडवा आला. "बाईसाहेब, माघारी फिरा!" असा आवाज आला, तोही कुणा दुसऱ्याचाच. आणि मेणा पुढं गेला.

तात्यानं अंधारात पुतण्याचा हात चाचपला, उचलून डोळ्यांजवळ नेला आणि उलटासुलटा करून नीट बघितला.

"ह्योच न्हवं का रं त्यो?"

"व्हय, तात्या."

"आन् ह्येच्यासाठी मला मरू दिलं न्हाईस व्हय!"