स्त्रीवादाचे चार डबे

परीक्षा सरांची होती आणि ती त्यांच्याच सोफ्यावर येऊन बसली होती. विभागप्रमुख मॅडम म्हणे सहज चहाला आल्या होत्या. पण स्त्रीवादी विचारप्रवाहांची ओळख करून देणारा नवा अभ्यासक्रम सरांकडे द्यायचा की नाही, याचा निकाल चहा संपेपर्यंत लागणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

सरांना तो अभ्यासक्रम जिवापाड हवा होता. वर्षभर ते त्या विषयात आकंठ बुडाले होते. ज्या घरात आपण आरामात वावरलो, त्याच्या भिंती कुणीतरी आतून चाचपून पाहिल्या, मोजल्या, त्यांना नावं दिली, हे वाचून ते पुस्तक मिटून नुसतेच बसून राहत. पाठ व्हावं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या चार स्टीलच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या: उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, आंतरछेदी. डबा दिसला की त्या प्रवाहावर मोठ्याने बोलायचं. त्यांची बायको दातांची डॉक्टर. तिने आठवडाभर ही भाषणं ऐकत स्वयंपाक उरकला होता.

"चहा मीच करतो," सर ऐटीत म्हणाले. बायको अजून दवाखान्यातून यायची होती.

साखर कुठे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. साखरेच्या डब्यावर 'मार्क्सवादी' ही चिठ्ठी त्यांनी स्वतः लावली होती. त्यांनी त्या चिठ्ठीच्या डब्यातून सढळ हाताने चमचे घातले आणि तीन कप बाहेर आणले.

मॅडमनी घोट घेतला. उभा जन्म सभांमध्ये गेल्यामुळे त्यांचा चेहरा हलला नाही. "वेगळाच आहे," एवढंच म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. सरांनी आपला कप तोंडाला लावला आणि त्यांचं धाबं दणाणलं.

"पण मार्क्सवादीत साखरच होती हो!"

"कशात?" मॅडम जरा सरकून बसल्या.

तेवढ्यात बायको आली. तिने तिसरा कप उचलला, जीभ लावली आणि विचारलं, "अरे, मीठ घातलंस?"

"मार्क्सवादीतून घेतलं!"

"ती चिठ्ठी मी हलवली. चुकीच्या डब्यावर होती."

"चुकीच्या म्हणजे?" आता मॅडमनी विचारलं.

"आठवडाभर ऐकतेय ना मी. मार्क्सवादी काय म्हणतात? बाईच्या घरकामावर सगळ्यांचे कारखाने चालतात, पण त्याला काम म्हणून कुणी मोजत नाही. मग ती चिठ्ठी मिठाच्या डब्यावर नको? असतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. नसलं की पहिल्याच घासाला बोंब."

सर बायकोकडे पाहतच राहिले. दोनशे पानं वाचून त्यांना जे सांगता येत नव्हतं, ते तिने चपला काढता काढता सांगितलं होतं.

"आणि उदारमतवादी?" मॅडम.

"साखर. कप तोच, चहा तोच, फक्त कायद्याने सगळ्यांना सारखी वाटा म्हणतात. आंतरछेदी म्हणजे सुकामेवा. अक्रोड आणि बेदाणा एका डब्यात असले म्हणून डबा आपटला की दोघांना सारखाच मार बसत नाही. जात, पैसा, रंग, सगळं धरूनच बघायला हवं."

"वा!" म्हणत मॅडमनी सवयीने कप उचलला आणि तसाच ठेवला. "चहा मात्र पुन्हा लागेल."

बायको आत जायला निघाली. मग तिने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी तिच्याकडे, आणि ती तिथेच बसली. दोघींनी मिळून सरांकडे पाहिलं.

सर मुकाट्याने आत गेले. आता चिठ्ठ्यांवर विसंबायचं नाही, प्रत्येक डबा चाखायचा, असं त्यांनी ठरवलं. पण कान बाहेरच होते.

"जहाल राहिलंच," मॅडम म्हणाल्या.

"ते म्हणतात, चहात काय घालायचं ते सोडा. हे भांडंच पुरुषांच्या सोयीचं आहे, मुळापासून बदला."

किती खरं आहे, या विचारात सरांनी दाराकडे बघतच एका डब्यात बोट बुडवलं आणि चाटलं. दुसऱ्याच क्षणी त्याच बोटाने डोळा चोळला. डबा मिरचीपुडीचा होता.

चहा घेऊन ते बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, ओठ थरथरत होते आणि तोंडून शब्द फुटत नव्हता.

मॅडमनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "इतकी वर्षं शिकवतेय मी," त्या हळूच म्हणाल्या, "पण जहाल प्रवाह ऐकून रडलेला पुरुष पहिल्यांदाच बघतेय. सर, अभ्यासक्रम तुमचा."

बायकोने सरांचं लाल झालेलं बोट पाहिलं आणि काही न बोलता आपला कप उचलला. या वेळी चहा गोड होता.