मारुतीचा काळा प्रसाद

करुणा पेरणीसाठी तिफण ठरवून घरी आली, तर ओसरीतलं बियाणं गायब. पोत्यावर नुसता गुळाचा डाग.

वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. साखरा गावात दुसऱ्या कुणाकडे नसलेला त्यांचा गावरान हरभरा, तोही टोपलंभरच उरलेला. गुळाच्या पाण्यात कालवलेलं काळं जीवाणू खत त्याला चोळून तिनं तो सावलीत सुकत घातला होता. संध्याकाळी पेरायचा होता.

"काकू, हरभरे कुठं हायेत?"

"परसादाचे?" शेजारच्या मिराबाई म्हणाल्या. "शनिवार न्हाई का? गुळाचा वास आला. म्हनलं, पोरीनं बापाच्या नावानं केलंय. आले की मारुतीपुढं वाटून."

"काळे दिसले न्हाईत तुमाला?"

"मोतीबिंदू हाय माय. मला तूबी काळीच दिसून राहिली."

करुणा तशीच पळाली. मारुतीच्या पारावर भजन रंगात आलं होतं.

"खाऊ नका! जीवाणू लावलेत त्याला!"

टाळ थांबले. "म्हंजी कोरोनावानी?" देविदासनं विचारलं.

"न्हाई हो! चांगले असतेत. मुळाला गाठी आनतेत, हवेतलं खत पिकाला देतेत."

"गाठी?" देविदासनं स्वतःचा गळा चाचपला.

"हरभऱ्याच्या मुळाला! कुनी कुनी खाल्ले?"

मग रुक्माबाईंनी पदराची गाठ सोडली. "खरं सांगू? लई वंगाळ दिसले. पन मेलेल्या मानसाच्या नावाचा परसाद, न्हाई कसं म्हनावं? आन टाकावा तरी कुठं?"

सोमेश्वरनं खिसा उलटा केला. टोप्या, उपरणी, पदर झटकले गेले. मिराबाईंनी मारुतीपुढं ठेवलेलं टोपलं भरत गेलं, तसा करुणाचा जीव भांड्यात पडला.

"मुंजाजीकाका, तुमचे?"

"खाल्ले."

"कच्चे? समदे?"

"व्हय. तुज्या बापाजवळ जलमभर मागितलं हे बी. दाना दिला न्हाई गड्यानं. म्हनलं, आता तरी चव बघावी."

"मग?"

"माती लागली नुसती."

करुणाला हसू आलं. डोळेही पुसावे लागले. तिनं टोपल्यातले ओंजळभर हरभरे म्हाताऱ्याच्या उपरण्यात घातले.

"हे खाऊ नका. पेरा."

मुंजाजींनी उपरण्याला घट्ट गाठ मारली. ते पाहून रुक्माबाई खाकरल्या आणि नुकताच झटकलेला पदर त्यांनी पुन्हा पसरला. त्यांच्यामागे सोमेश्वर खिसा उघडून रांगेत उभा राहिला.