सांदीतला स्पीकर

ज्या घरातले पुरुष स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाहीत, त्या घरात स्वयंपाकघराविषयीचे निर्णय अत्यंत निःपक्षपातीपणे घेतले जातात. उदगीरचे भुसार आडते बसवराजअप्पा यांचं घर या बाबतीत आदर्श म्हणावं लागेल. (प्रस्तुत लेखकाचा गाळा त्यांच्या गाळ्याला लागूनच असल्याने पुढील निर्णयात त्याचाही वाटा आहे, आणि त्याला त्याचा अभिमान आहे.)

अप्पांच्या पत्नी पार्वतम्मा एकदा म्हणाल्या, “सकाळी दोन घंटे ओट्यापाशी उभी ऱ्हाते. भाकरी थापताना कानावर काई तरी पडू द्या. त्या थापण्यात मोबाईलचं ऐकूच येत न्हाई.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं कोणाला आठवेना. अप्पांना भरून आलं. त्यांनी ताबडतोब समिती नेमली.

समितीत अप्पा, मी आणि लातूरचे त्यांचे साडू मृत्युंजय असे तिघे होतो. (मृत्युंजयरावांच्या घरी टीव्हीखाली लांबलचक स्पीकर असल्याने ते तज्ज्ञ.) बैठक दिवाणखान्यात भरली. चहा आतून येत राहिला. स्पीकरसाठी जागा एकच होती: फ्रिज आणि भिंत यांच्यामधली वीतभर सांदी. समोरून कुकरची वाफ, वरून फोडणीचा धूर, खाली मोरी. मृत्युंजयरावांनी उंबऱ्यातूनच बॅटरी मारून पाहणी केली, आणि जागा अडचणीची आहे यावर एकमत झालं.

पहिला स्पीकर पाणी पिण्याच्या तांब्याएवढा होता. सांदीत चपखल बसला. आवाजही खणखणीत. पण अप्पा आयुष्यभर मूठभर तूर हातात घेऊन मालाची पारख करत आलेले. त्यांनी तो तळहातावर तोलला आणि म्हणाले, “माल हलका हाय.” परत गेला. दुसरा पाण्यानेही बिघडत नव्हता, पण तोही हलका भरला. तिसरा दोघांनी धरून आत आणला. अप्पांनी तो जेमतेम उचलून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. “आता कसं. वजन हाय.” ठराव मंजूर झाला.

तो सांदीत मावेना, म्हणून फ्रिज दिवाणखान्यात आणला. मग खोक्यातलं सूचनापत्रक वाचलं. त्यात उष्णता, वाफ आणि तेलकट धूर यांपासून यंत्र दूर ठेवावं असं स्पष्ट लिहिलं होतं. अप्पा नियमाचे पक्के. स्वयंपाकघरात या तिन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे शेगडी. ती मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली गेली. शेगडीमागे सिलिंडर गेला, परात गेली, पिठाचा डबा गेला. पार्वतम्माही गेल्या. (त्यांना हलवण्याचा ठराव झाला नव्हता, हे नमूद केलं पाहिजे.)

मग चाचणी झाली. आम्ही तिघांनी सोफ्यावर बसून ऐकलं. फडताळातली ताटं थरथरली, याचा अर्थ माल अस्सल. सर्वेक्षणात शंभर टक्के सभासद समाधानी निघाले. आता रोज सकाळी स्वयंपाकघरातून सोयाबीनचे भाव साऱ्या घराला ऐकू येतात.

परवा पार्वतम्मा पिठाच्या हातांनी मधल्या दारात आल्या. “अवो, मागं काईच ऐकू येत न्हाई.”

अप्पांचं तोंड खरोखर उतरलं. माणूस वाईट नाही. त्यांनी लगेच शेडची जागा पाहून घेतली, तीही अडचणीचीच निघाली, आणि समितीला मुदतवाढ मिळाली.

इकडे गावभर बोलबाला झालाय. जो तो गाळ्यावर येऊन विचारतो: कंपनी कोणती, वॅट किती, पक्की पावती देतात का? मी सगळ्यांना सविस्तर सांगतो. पार्वतम्मांना ऐकायचं काय होतं, हे मात्र आजवर कोणी विचारलेलं नाही. तुम्ही तर वाचत इथवर आलात, आणि मधे दोनदा हसलातही. तुम्हाला तरी विचारावंसं वाटलं का?