पट्टीत न बसलेलं 'नाही'

शुक्रवारी दुपारी केबलवरच्या सिनेमात नायकाची आई शेवटचे श्वास घेत होती. तेवढ्यात तिच्या पलंगाखालून एक पांढरी ओळ सरकत गेली : "शिरवणे येथील प्रतिष्ठित नागरिक व सामाजिक कार्यकर्ते श्री. कमळाकरशेठ म्हात्रे यांचा राहते घर विकण्याचा विचार". पुढच्या क्षणी आई गेली. पण नेरुळ-शिरवण्यात त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या कोणालाही तिचं दुःख झालं नाही. सगळे चपला शोधत होते.

पडद्याच्या तळाशी धावणारी ती पट्टी जोतीराम शेडगे या इस्टेट एजंटची होती. केबलवाल्याकडून त्याने ती महिन्याच्या बोलीवर घेतली होती. तिच्यात तो भाड्याची आणि विक्रीची घरं टाकायचा आणि मधे मधे गावच्या बातम्या पेरायचा. कुठल्या सेक्टरात पाणी उशिरा येणार, कुठल्या सोसायटीत सत्यनारायण आहे, कोणाची मुलगी बारावीला पहिली आली. बातमीसाठी थांबलेला माणूस घराची जाहिरात वाचतो, असं त्याचं निरीक्षण होतं, आणि ते बरोबर होतं. त्या वर्षांत नेरुळात जिकडे पाहावं तिकडे नवी इमारत उठत होती, दर आठवड्याला भाव वाढत होता, आणि सिनेमा कितीही चांगला असला तरी लोकांचे डोळे पडद्याच्या तळाशीच असायचे.

साताऱ्याकडून आलेला जोतीराम सगळ्यांना घरं दाखवायचा, पण स्वतः भाड्याने राहायचा, तोही कमळाकरशेठच्याच घरात, पहिल्या मजल्यावर. त्याचा अकरा महिन्यांचा करार येत्या रविवारी संपत होता. आजूबाजूची भाडी चढलेली. शेठनं करार वाढवला नाही, तर या भाड्यात पुन्हा घर मिळणार नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? म्हणून गुरुवारी शेठने "जोतीराम, रोज कोन तरी येतं न् घर इकता का इचारतं. तुजे पट्टीत टाक, म्हात्र्याला घर इकाचा नाय," असं सांगितलं, तेव्हा जोतीरामने ती संधी मानली. घरमालकाचं नाव नुसतं टाकणं त्याच्या जिवावर आलं. त्याने 'प्रतिष्ठित नागरिक' लिहिलं, 'सामाजिक कार्यकर्ते' लिहिलं, 'श्री.' आणि 'शेठ' दोन्ही लावले, आणि शेवटी ठासून 'मुळीच नाही' असं लिहिलं.

ते 'मुळीच नाही' पडद्यावर आलंच नव्हतं.

हे त्याला कळलं तेव्हा दुकानातला फोन वाजायचा थांबत नव्हता. जोतीराम शटर अर्धवट ओढून घराकडे पळाला. शेठच्या ओट्यावर पंधरावीस माणसं जमली होती. एकजण टेपने दरवाजा मोजत होता. दुसरा अंगणातला आंबा घराबरोबर मिळणार की वेगळा, ते विचारत होता. शेठची बायको पुतळाबाई मधे खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करत होती, "तू किती देशील?"

"अगो, इकाचा नाय ना आपल्याला!" कमळाकरशेठ ओरडले.

"मना ठाव हाय. पन भाव तरी कलू दे," पुतळाबाई म्हणाली.

शेठची नजर जोतीरामवर पडली. "जोतीराम! तू माजा घर इकतंस?"

"नाही शेठ! मी 'नाही'च लिहिलं होतं. मुळीच नाही, असं लिहिलं होतं!"

"मंग कुटं हाय ता?"

"ते... पुढं होतं शेठ."

"पुडं म्हंजे कवा येनार? घर गेल्यावर?"

त्याच वेळी जोतीरामची बायको मंजुषा शाळेतून घरी आली. ती विज्ञान शिकवायची. जिना चढून वर गेली, तर तिच्या स्वयंपाकघरात तीन अनोळखी माणसं. एकाने नळ पूर्ण सोडला होता आणि धारेकडे कौतुकाने पाहत होता.

"पाण्याला जोर चांगला आहे," त्याने तिलाच सांगितलं. "तुम्ही पण घर बघायला आलात का?"

"नाही," मंजुषा म्हणाली. "मी संध्याकाळचा स्वयंपाक करायला आलेय."

रात्री जेवताना ती म्हणाली, "साऱ्या नेरुळला घरं देता. रविवारी आपलं जायला नको म्हणजे झालं."

"टेन्शन घेऊ नको. उद्या माफी टाकतो. अशी माफी, की शेठ खूश."

शनिवारी सकाळीच त्याने केबल ऑफिसला फोन लावला. केबलवाल्याची बहीण रंजिता मशीनवर मजकूर टाईप करायची. जोतीरामने सांगायला सुरुवात केली, "प्रेक्षकांची मनःपूर्वक क्षमा मागून कळविण्यात येते की..."

"काका, लांब होतंय."

"होऊ दे लांब! माफी लांबच असते. लिही पुढं. शिरवणे येथील प्रतिष्ठित नागरिक..."

"काका, खरंच सांगते..."

"रंजिता, माझ्या डोक्यावरचं छप्पर आहे हे. एक अक्षर कमी करायचं नाही."

रंजिताने एक अक्षर कमी केलं नाही. ते काम मशीनने केलं. दुपारच्या सिनेमात नायिका झाडाभोवती फिरत असताना तिच्या पायांखालून ओळ गेली : "प्रेक्षकांची मनःपूर्वक क्षमा मागून कळविण्यात येते की शिरवणे येथील प्रतिष्ठित नागरिक श्री. कमळाकरशेठ म्हात्रे यांचे राहते घर", आणि तिला चिकटून लगेच पुढची जाहिरात आली, जी खरं तर सेक्टर दोनमधल्या एका फ्लॅटची होती : "फक्त शाकाहारी कुटुंबास भाड्याने देणे. पहिला मजला. हवा, उजेड भरपूर".

दुपारभर शिरवण्याच्या गल्लीत शाकाहारी कुटुंबं येत राहिली. कमळाकरशेठच्या घराची खूण कोणाला विचारावी लागत नव्हती. गच्चीवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास नाक्यापर्यंत येत होता. बहुतेक कुटुंबं नाक्यावरूनच परतली. जी दारापर्यंत पोचली, त्यांनी नाकाला रुमाल लावून शेठना विचारलं, "शाकाहारी घर हेच का?"

शेठच्या हातात तेव्हा तळलेल्या जिताडा माशाचा तुकडा होता.

हात न धुताच ते जोतीरामच्या दुकानात शिरले. "पोरा, काल तुना माजा घर इकलास. आज मना मालकरी केलास! गावात तोंड कसा दाखवू? जावयाचा फोन आला, इचारतंय, सासरेबुवा, आता आमी आलो तं काय खावाचा?"

"शेठ, मशीनचं लफडं आहे. चला, आपण समोर बसून करून घेऊ."

दोघे केबल ऑफिसात पोचले. रंजिताने स्टूल पुढे सरकवलं.

"मी सांगत होते काका. ओळीत जागा तेवढीच. मशीन काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजतं. एकटा 'प्रतिष्ठित'च केवढी जागा खातो! जागा संपली, की मशीन तिथंच तोडतं."

"आणि आपलं 'नाही' नेमकं शेवटी," जोतीराम कपाळाला हात लावून म्हणाला.

"मंग पुडचा कापा," शेठ म्हणाले. "काय कापाचा?"

"'प्रतिष्ठित नागरिक' काढू?" रंजिताने विचारलं.

"काड," शेठ म्हणाले.

"'सामाजिक कार्यकर्ते' आजच्या ओळीतच गेलं. 'श्री.' काढू?"

"'श्री'ला किती जागा लागतं?"

"बरीच लागते, शेठ."

"काड."

"'शेठ'?"

आता त्यांना घाम फुटला. "शेट पन? अगो, माज्या बापाला पन सगली कमळाकरशेटचा बाप म्हनत."

"मग 'नाही' बसणार नाही," रंजिता म्हणाली.

शेठनी डोळे मिटले. "काड."

"आता 'कमळाकर' राहिलं."

"त्याला काय झाला?"

"तसं बसतंय. पण मशीनचा भरवसा नाही."

शेवटी पडद्यावर ओळ उमटली : "म्हात्रे घर विकत नाहीत." तिघांनी ती तीनदा सरकताना पाहिली. 'नाहीत'मधला 'त'सुद्धा शाबूत होता. जोतीरामला इतका आनंद झाला, की त्याने रंजिताला हात जोडले आणि शेठना आग्रहाने चहा पाजला. परतताना शेठ रागावलेले नव्हते. नाक्यावर कोणीतरी "काय म्हात्रे!" अशी हाक मारली, तेव्हा तेवढे ते दचकले.

रविवारी सकाळी ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. जोतीरामने इस्त्रीचा शर्ट घातला, कराराचे कागद घेतले आणि अर्धा किलो पेढे घेऊन तो खाली उतरला. आत पुतळाबाईसमोर चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. जोतीरामने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ये जोतीराम. या शालनताई," पुतळाबाई म्हणाली. "नावड्याला र्‍हातान. काल नेरुलात पावन्यांकडं तुजी पट्टी वाचून आल्या. शाकाहारी हान."

"आणि... वासाचं काय?" जोतीरामने चाचरत विचारलं.

"मी तळोज्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते," शालनताई शांतपणे म्हणाल्या. "दिवसभर सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. त्यामानानं बोंबील म्हणजे सुगंध. आणि इथून स्टेशन जवळ."

"मना आवडल्या," पुतळाबाई म्हणाली. "वरचा मजला त्यांना दिला."

जोतीरामच्या हातातले पेढे खाली आले. "पण काकी, वरती आम्ही राहतो!"

"तुजा करार आज सपला ना?"

"वाढवायलाच आलो होतो! काकी, आमचं काय चुकलं? पट्टीचा घोळ तर निस्तरला..."

"पट्टीचा नाय रं," पुतळाबाई म्हणाली. "गच्चीवर मी बोंबील घालतंय टोपलीभर, उचलतंय अर्दी टोपली. अकरा म्हयने मी कावल्यांना शिव्या दिल्या. काल गच्चीवर मानसा चढली घर बगाला, तवा तुजे अँटिनेच्या मागं बोंबलांनी भरलेला डबा घावला. कावला डब्याला झाकन लावतं का?"

मंजुषा जिन्यावरून हे ऐकत होती. तिने जोतीरामकडे पाहिलं. जोतीरामने जमिनीकडे पाहिलं.

"शाकाहारी मानूस वर असला, की माजी टोपली भरलेली र्‍हाल," पुतळाबाईने समजावलं. "तुला घाई नाय. घर मिलंस्तवर र्‍हा म्हयनाभर."

आतून कमळाकरशेठ बाहेर आले. कालपासून त्यांचा आवाज जरा खाली आला होता. त्यांनी जोतीरामच्या हातात पाकीट ठेवलं. "घे. तुजी दलाली."

"कसली दलाली, शेठ?"

"भाडेकरू तूच आनलास ना? तुजे पट्टीवरून आल्या. म्हात्र्यानं कोनाचा बुडवला नाय."

आपल्याच बिऱ्हाडाची दलाली! जोतीरामने पाकिटाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण धंद्याची सवय पाण्याआधी आली. "शेठ," तो म्हणाला, "ती दोन्ही पार्ट्यांकडून असते."

"असते ना, मला ठाऊक आहे," शालनताई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उघडली.

वर आल्यावर जोतीरामने दोन्हीकडची दलाली स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. मंजुषाने तांदूळ निवडले, धुतले, कुकर लावला.

"चिडू नकोस," जोतीराम म्हणाला. "आठवड्यात फर्स्टक्लास घर बघून देतो. माझ्याकडे आत्ता सीवूड्सची तीन आहेत, एक तर कॉर्नरचं..."

"घर मी बघते," मंजुषा म्हणाली. "थेट मालकाशी बोलून. मधे एजंट नको."