मांजरसुंब्याचा तह

कपिलधारेच्या मन्मथस्वामींस दंडवत घालोन, आणि चहाचा पेला बाजूस सारोन, हा मजकूर लिहावयास घेतला. माजलगावच्या भुसारवाल्या घराण्यात जी मोठी लढाई जाहली ती कोणत्या कारणे जाहली आणि फत्ते कोणाची जाहली, हे पुढील पिढ्या पुसतील, आणि तेव्हा नातलग आपापल्या सोयीने सांगतील. नातलगांची तोंडे आम्हास ठाऊक आहेत. सबब जैसे घडले तैसे लिहितो.

त्यास, माजलगावी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सकलधान्यपारखी, तूर-हरभरा-सोयाबीनाधिपती, राजमान्य राजेश्री मन्मथप्पा यांची पेढी. दबदबा थोर. त्यांस कन्यारत्न एकच, रुद्राणीबाईसाहेब. बारावीचा गड सर करोन बाईसाहेब बीएस्सीची मसलत मनी धरोन छत्रपती संभाजीनगरास रवाना जाहल्या, तेव्हा आईसाहेब शिवम्मा यांनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एक गादी ऐसा सरंजाम बरोबर दिला, आणि अप्पा यष्टी स्टँडावर खांबाकडे तोंड करोन उभे राहिले. ते रडत होते हे आम्ही लिहीत नाही, लिहू नये ऐसी त्यांची सक्त ताकीद आहे.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत काचेच्या नळीकडे पाहत असता बाईसाहेबांच्या मनात सवाल उपजला की, आपण येथे कावून, म्हणजे कशापायी, उभ्या आहोत? हा सवाल मोठा खट्याळ, एकदा आत शिरला की निघता निघत नाही. कॉलेज सुटले. मग वैद्यकीच्या परीक्षेची पुस्तके आणिली, आणि ती महिन्या दोन महिन्यांत मिटली, आणि मग स्पर्धा परीक्षेचा क्लास लाविला, तो अभ्यासिकेत वर्षानुवर्षे एकच खुर्ची धरोन बसलेले वीर पाहोन छाती दडपली, आणि मग बँकेच्या परीक्षेची गणिते मांडली, ती सुटत, परंतु सोडवावीशी वाटत ना. दरम्यान एका झेरॉक्सच्या दुकानी नोकरी धरोन खोलीचे भाडे आपले आपण भागवू लागल्या. मजेत होत्या ऐसे समजू नये. सोबतिणी पुढे चालल्या आणि आपण फाट्यावरच उभ्या, या विचाराने जेवण गोड लागत नसे.

आता नातलगांचे फोन. अंबाजोगाईच्या आत्याबाई महानंदाबाई यांचा फोन आला तो वैद्यकीच्या दिवसांत, केजचे मामासाहेब केदारनाथ यांचा आला तो स्पर्धा परीक्षेच्या, आणि अप्पांचा बँकेच्या. ज्या दिवशी जे खरे होते तेच बाईसाहेबांनी सांगितले, यात खोटे तीळभर नाही. पुढे ते बदलले, हे कळवावयाचे तेवढे राहोन गेले. राहोन गेले कसले, हिय्या जाहला नाही! परिणाम ऐसा की, एकच रुद्राणी अंबाजोगाईस डॉक्टरीण, केजेत तहसीलदारीण आणि माजलगावी बँकेत साहेब, ऐसी तीन ठाणी एकदम राखू लागली, आणि खुद्द आपण झेरॉक्सचे कागद सरळ करीत बसली.

श्रावणात कपिलधारेस सहकुटुंब दर्शनास जावे ही घराण्याची वहिवाट. अप्पांनी फर्मान सोडिले की, सोमवारी सर्वांनी मांजरसुंब्याच्या शाकाहारी ढाब्यावर एक व्हावे, चहा-फराळ करोन धारेस उतरावे. आत्याबाई यष्टीने केजेस आल्या आणि मामांच्या गाडीत बसल्या, आणि नेकनूर मागे पडते न पडते तो बोलता बोलता भांडे फुटले. त्या म्हणाल्या, भाची डॉक्टर व्हायली. मामा म्हणाले, छे, तहसीलदार. मग गाडी कडेस घेऊन अप्पांस फोन लाविला, तो तिकडून जबाब आला की, बँकेत. तिन्ही फौजा एक जाहल्या, आणि तिन्ही उपाशी. उपासाचा माणूस किती तापट, हे ज्याने श्रावण पाळला त्यास सांगणे नलगे.

बाईसाहेब सोलापूरकडे जाणाऱ्या यष्टीने फाट्यावर उतरल्या, आणि खाटांवर बसलेली तोंडे पाहताच समजल्या की घात जाहला. अप्पांचा हुकूम सुटला:

“इथंच, ह्या खाटंवर, काय ते एक सांग. न्हाईतर खोली सोड, गादी उचल आन माघारी चल. दुकानावर बस. पुढचं आमी बघतो.”

पुढचे म्हणजे लातूरचे स्थळ. त्याचा फोटो आत्याबाईंच्या पर्सेत जय्यत तयार होता.

मग हल्ला जाहला. आत्याबाईंनी गोळ्यांची पट्टी काढोन पुसले की, ही जेवणाआधी का नंतर? बाईसाहेबांनी पट्टीवरचे नाव वाचोन सांगितले, “ॲसिडिटीची हाय आत्या, सकाळी उपाशीपोटी.” तो आत्याबाईंनी डोळ्यांस पदर लाविला की, बगा, डॉक्टरच हाय माझी बाई! मामांनी तोफ फिरविली, “जिल्ह्यात तालुके किती?” उत्तर गेले, “अकरा.” मामांच्या हिशेबी दहाच होते, बोटांवर मोजोन पाहता वडवणी राहिली होती. ते गरजले, “दाजी, ही तहसीलदारच व्हनार!” अप्पांनी टक्केवारीचे एक गणित टाकिले, तेही बाईसाहेबांनी तोंडी उडविले. हाय हाय! चुकावे तर अब्रू जाते, आणि बरोबर यावे तर फास आवळतो. बाईसाहेब हुशार, हेच त्यांचे वाटोळे करू पाहत होते.

तेव्हा बाईसाहेब उठोन उभ्या राहिल्या.

“अप्पा, मला काय करायचंय ते मला माहीत न्हाई. कॉलेज सोडून तिन्ही करून बघितलं, तिन्ही माझं न्हाई. एक वर्ष द्या. भाडं माझं मीच भरायले. फक्त वर्षभर कुणी इचारायचं न्हाई.”

मला माहीत नाही, हे या घराण्यात नातलगांसमक्ष कोणी म्हटलेच नव्हते. ज्यांस खरोखर माहीत नसे तेही छाती फुगवोन काहीतरी ठोकून देत. अप्पांचा राग एकाएकी ओसरला आणि त्याखालचे भय वर आले. हळूच म्हणाले, “आन मी मोंढ्यात काय सांगू? रोज इचारतेत लोक.”

मेख येथे होती, आणि ती आईसाहेब शिवम्मांनी ओळखिली. त्या इतका वेळ बशीतला चहा फुंकत होत्या. बशी खाली ठेवोन म्हणाल्या,

“आवो, तुमची तूर संक्रांतीपसून गोदामात पडून हाय. लोक रोज इचारतेत, कधी इकनार. काय सांगता त्याला?”

“सांगतो, अजून ठरलं न्हाई.”

“लाजत सांगता का?”

“लाजायचं कावून? माल आपला हाय. भाव बघू, मग ठरवू.”

“मग पोरगी काय लोकाची हाय?”

बाईसाहेब मध्येच बोलल्या की, “आई, मी काय तूर हाय का?” त्यांस, “तू गप बस,” ऐसी समज मिळाली, आणि मग तह जाहला तो ऐसा की, पुढील श्रावणापर्यंत बाईसाहेबांस अभय असावे, आणि मामांनी सामान्यज्ञान पुसू नये, आणि आत्याबाईंनी लातूरचा फोटो पर्सेच्या आतल्या कप्प्यात टाकावा, फाडू नये तैसाच बाहेरही काढू नये, आणि जे काही बदलेल ते बाईसाहेबांनी त्याच दिवशी आईस कळवावे. हे शेवटले कलम बाईसाहेबांस जड गेले, परंतु कसूर आपली होती म्हणोन कबूल केले. अप्पांनी मान डोलाविली. मान डोलाविणे सोपे, मोंढ्यास तोंड देणे कठीण, हे सर्व जाणत होते.

इतक्यात ढाब्यापुढे पांढरी गाडी थांबली, आणि तीतून बद्रीनाथशेठ उतरले. मोंढ्यात अप्पांच्या समोरची पेढी यांची. यांचे चिरंजीव सत्यम पुण्यात बड्या कंपनीत इंजिनेर, हे माजलगावात शेंबड्या पोरासही पाठ. राम राम जाहला, आणि शेठजींनी बाईसाहेबांकडे पाहोन थेट सवाल केला,

“काय अप्पा, पोरगी काय करायली मग सध्या?”

मामांच्या हातातला साबुदाणा हातातच राहिला. आत्याबाईंनी डोळे मिटले. अप्पांच्या गळ्याशी ‘बँकेत’ हा शब्द येऊन ठेपला, आम्ही तो स्वतः पाहिला. त्यांनी घोटभर पाण्यासरशी तो खाली लोटिला.

“अजून ठरलं न्हाई तिचं. कॉलेज सोडलंय. वर्षभर बघनार हाय, मग ठरवनार.”

शेठजी आता हसतात, ऐसे सर्वांस वाटले. ते खाटेच्या कडेस टेकले.

“आमच्या सत्यमचं बी न्हाई ठरलं, अप्पा. कंपनी सोडून लई दिवस झाले. खोलीतच बसून राहतंय लेकरू. घरी ये म्हनलं तर म्हनतंय, गावात काय सांगनार तुमी? आन मी बी कंपनीतच हाय म्हनतो लोकाला.” आईसाहेबांनी चहा मागवोन त्यांच्यापुढे ठेविला. मग शेठजींनी अप्पांस पुसले, “कसं म्हनलाव तुमी ते? पुन्हा एकदा म्हना बरं.”

अप्पांनी पुन्हा म्हटले. या खेपेस आवाज खणखणीत निघाला, दोन ट्रकवाले वळोन पाहू लागले, आणि अप्पांनी त्यांच्याकडे खुशाल पाहिले. रुद्राणीबाईसाहेबांस तेव्हा रडू कोसळले आणि आत्याबाईंनी, तहाची कलमे सांभाळोन, काही एक न पुसता त्यांस पोटाशी धरिले.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावण मासी, सोमवारी, मांजरसुंबा मुक्कामी रुद्राणीबाईसाहेबांची फत्ते जाहली. एक वर्षाचा मुलूख तहाने हाती आला. बद्रीनाथशेठांनी गाडीत बसण्यापूर्वी तेथूनच पुण्यास फोन लाविला, आणि ट्रकांच्या गलबल्यात ओरडोन सांगितले, “सत्यम, ये घरी. मी सांगितलंय लोकाला.” तोवर त्यांनी या खाटांवरील माणसांवाचून कोणासही सांगितले नव्हते, परंतु ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोकीत ते माजलगावच्या वाटेस लागले, हे आम्ही पाहिले आणि येथे नमूद केले.