गाडी कुणाच्या दारात

प्रसेनजितच्या मोटारसायकलच्या क्लचची तार तुटली ती नेमकी लिंबाजीच्या दारात, आणि त्याच दिवशी चार वाजता लिंबाजीच्या मंजुषाला बघायला जळकोटचे पाहुणे येणार होते.

प्रसेनजित कर्करोगाच्या नोंदणीत कामाला होता. गावोगाव फिरून वर्षभरात नवे रुग्ण किती, कोणत्या वयाचे, आजार शरीरात कुठं झाला, हे लिहून घ्यायचं. माकणीजवळच्या या वाडीत तो दर तीन महिन्यांनी यायचा. गाडी देवळाशी लावायची आणि पुढं पायी जायचं, हा त्याचा नेम. कारण ती गाडी ज्याच्या दारात दिसेल त्याच्या घरात ‘तसला आजार’ शिरला, हे वाडीनं पक्कं धरलेलं होतं. आज त्यानं उन्हाचा कंटाळा केला, तेवढंच.

“सर, गाडी हलवा,” लिंबाजी दबक्या आवाजात म्हणाला.

दोघांनी घाईघाईनं ती देवळापर्यंत ढकलली. पण घाईनं हलवलेली गाडी उभ्या गाडीपेक्षा जास्त बोलते. पंधरा मिनिटांत मध्यस्थ वैजनाथचा फोन आला.

“पाहुण्यांच्या कानावर गेलंय. घरात कुणाला हाय?”

“कुणाला न्हाय.”

“सगळे असंच म्हणतेत. सरांना दे.”

प्रसेनजितनं फोन घेतला आणि नोकरीला लागताना शिकवलेलं वाक्य म्हटलं, “कुणाच्याही घराबद्दल मला काही सांगता येत नाही.”

पलीकडून फोन ठेवला गेला. लिंबाजीनं फोन परत घेतला.

“अवो, न्हाय तर न्हाय म्हणायचं. त्यात काय जातंय?”

“मामा, आज तुमच्यासाठी ‘नाही’ म्हणालो, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसेन त्याचं काय?”

हे बरोबर होतं, म्हणूनच लिंबाजीला त्याचा जास्त राग आला. लेकीचं ठरता ठरता मोडायला आलं होतं, आणि मोडणारा माणूस बरोबर बोलत होता.

मार्ग काढला लिंबाजीच्या बायकोनं, अयोध्यानं. “गाडी एकट्या आपल्याच दारात दिसली, ही अडचण हाय ना? मग समद्यांच्या दारात दिसू द्या.”

गल्लीत अकरा घरं. पहिल्या घरानं नको म्हटलं. अयोध्या शांतपणे म्हणाली, “बरं, ऱ्हाऊ द्या. लोक इचारतील, हेच का नको म्हणाले.” त्यानंतर अकराही घरं तयार झाली.

दर घरामागं दहा मिनिटं ठरली. पाहुण्यांसाठी इस्त्री केलेला सदरा घालून लिंबाजी मागून ढकलायचा, प्रसेनजित पुढून हँडल धरायचा. दारात गाडी उभी करायची, आत जायचं, नोंदणीचे प्रश्न विचारायचे, चहा घ्यायचा. बाहेर अख्खी गल्ली मोबाइलवर वेळ बघत बसलेली.

चौथं घर दैवशालाचं. तिनं पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं.

“सर, छातीत गाठ हाय. दिवाळीपासनं. दुखत न्हाय म्हणून गप बसले.”

प्रसेनजितनं पेन खाली ठेवला. कुठं जायचं, सोबत कोण येणार, म्हशीचं कोण बघणार, हे सगळं बोलून होईतो पंचवीस मिनिटं झाली. दहा वेगळी आणि पंचवीस वेगळी, हे बाहेर बसलेल्या कुणालाही कळणार होतं.

तो बाहेर आला. चेहरा कोरा. “नियम बदललाय. आता प्रत्येक घराला पंचवीस मिनिटं.”

“मग आमची पंधरा कुठं गेली?” आधीच्या तिन्ही घरांनी विचारलं. गाडी मागं फिरली. लिंबाजीनं कपाळाला हात लावला, पण ढकलली.

दोन वाजता लोहाऱ्याहून मेकॅनिक येऊन तार बसवून गेला. तरी गाडी ढकलतच नेली. मधेच सुरू केली असती तर पुढच्या घरांना वाटलं असतं, आपलं घाईनं उरकलं.

चार वाजता पाहुण्यांची जीप आली तेव्हा गाडी दहाव्या दारात होती.

“ही तर म्हणं लिंबाजीच्या दारात होती,” मुलाचे वडील रामहरी म्हणाले.

“समद्यांच्याच दारात असती,” वैजनाथनं गंभीरपणे सांगितलं. “सकाळपासनं चालू हाय.”

आत पोह्यांच्या बशा फिरल्या. पाहुण्यांनी मंजुषाला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मग ती म्हणाली, “मी एक विचारू? तुमच्याकडं तंबाखू कोण खातं?”

रामहरींचा हात गालावर गेला.

पाच मिनिटांनी रामहरी शेवटच्या घरापाशी प्रसेनजितला गाठून उभे होते. “गालात आतून फोड हाय. तीन महिने झाले, भरून येईना. लिंबाजीला कळू देऊ नका. पोरगी आमाला पसंत हाय, आन् ते आता नको म्हणतील.”

“माझ्याकडून नाही कळणार. उद्या सकाळी जिल्ह्याच्या दवाखान्यात या.”

“एकटा आलो तर जळकोट इचारंल, कशापायी गेला.”

“मग एकटे येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दवाखान्याच्या दारात तीच जीप थांबली. आतून जळकोटची दहा माणसं उतरली, टोप्या घातलेली, जणू कुणाच्या सुपारीला निघालीत. सगळ्यांत शेवटी लिंबाजी उतरला.

“तुम्ही कसे?” प्रसेनजितनं विचारलं.

“रातच्याला रामहरी याह्यांचा फोन आला. म्हणले, तोंड तपासून घ्यायला चला. पहिल्याच बोलावण्याला न्हाय कसं म्हणायचं?” मग तो जवळ सरकला. “कुणाला काय झालंय, ते म्या इचारलं न्हाय. तुमी बी सांगू नका.”

आत डॉक्टरनं चष्म्यावरून त्या गर्दीकडं बघितलं. “यातला पेशंट कोण?”

लिंबाजीनं हात वर केला. पाठोपाठ आणखी नऊ हात वर गेले. रामहरींनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं, आणि मग आपलाही केला.